तिसऱ्या गाण्यातली शांतता

परीक्षणं छापून आली त्या सकाळी थोरलीने आधी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. धाकटी अजून झोपली होती. ती उठायच्या आत जगाने तिच्याबद्दल काय काय लिहून ठेवलंय ते चाळायचं, त्यातले खडे वेचून बाजूला काढायचे आणि उरलेलं तिच्यापुढे ठेवायचं, हे गेली पाच वर्षं थोरलीचं काम होतं. धाकटी गायिका. थोरली तिची मोठी बहीण, मॅनेजर, ड्रायव्हर आणि गरज पडेल तेव्हा भिंत.

धाकटीचं नाव झालं ते रडक्या गाण्यांवर. 'रडकी' हा थोरलीचा शब्द. छापून यायचे ते शब्द 'आर्त', 'विदीर्ण' आणि 'आतून उसवलेली' असे असत. लोक ती गाणी प्रेमभंग झाल्यावर ऐकत, नोकरी गेल्यावर ऐकत, आणि दोन्हींपैकी काहीच झालं नसेल तर रविवारी संध्याकाळी ऐकत. एका दंतवैद्याने ती आपल्या दवाखान्यात लावून ठेवली होती, म्हणजे बाहेर बसलेल्या पेशंटला आत जाईपर्यंत दाढेचं दुखणं किरकोळ वाटू लागे. आणि आता, एक्केचाळिसाव्या वर्षी, बाईंनी नाचाच्या गाण्यांचा अल्बम काढला होता. सगळीच्या सगळी गाणी उडत्या चालीची, दणदणीत ठेक्याची, मागे टाळ्या आणि 'हे, हे' करणारा कोरस. मुखपृष्ठावर ती चक्क हसत होती.

एवढा गुन्हा केल्यावर समीक्षक गप्प बसतील अशी अपेक्षाच नव्हती. पहिल्या परीक्षणाचा मथळा होता, 'अखेर बाजार जिंकला'. या गृहस्थांच्या लेखात बाजार दर आठवड्याला जिंकायचा. ते स्वतः कधी भाजी आणायलाही बाजारात गेले नसावेत. दुसरं परीक्षण एका ज्येष्ठ बाईंचं. 'आम्ही इतकी वर्षं तिच्याबरोबर रडलो, त्याचं काय?' असा त्यांचा सवाल होता. "काय म्हणजे? रुमाल धुऊन पाठवू?" थोरलीने कागदालाच विचारलं. तिसरा समीक्षक पंचविशीचा. त्याने दुःख वगैरे भानगडीत न पडता थेट ठेका मोजला होता. मिनिटाला एकशे अठरा ठोके पडतात, पण खरं नृत्य एकशे चोविसाच्या पुढे सुरू होतं, त्यामुळे हे संगीत म्हणजे 'नाचाची वयस्कर आठवण' आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. थोरलीने तिन्ही लेख घडी घालून डब्यांच्या मागे सारले.

चौथं परीक्षण अश्रूशास्त्र्यांचं होतं.

हे नावही थोरलीनेच ठेवलेलं. त्यांचं खरं नाव दर रविवारी फोटोसकट छापून येई. फोटोत हनुवटी हातावर आणि नजर खिडकीबाहेर. धाकटीचं दुःख आपणच शोधून काढलं अशी त्यांची समजूत होती, आणि इतकी वर्षं कुणी ती खोडून न काढल्यामुळे तिचं सत्य होऊन बसलं होतं. त्या दुःखावर ते सहा वर्षं एक जाडजूड पुस्तक लिहीत होते. नवा अल्बम ते कसे ऐकतात याची वर्णनं त्यांनी स्वतःच लिहिली होती: पडदे ओढून, जमिनीवर चटई टाकून, कानांना हेडफोन लावून, उताणे. नाचाची गाणीही त्यांनी अशीच, उताणं पडून ऐकली होती.

आणि त्यांना अल्बम आवडला होता. थोरलीला आधी वाटलं, आपण चुकीचं वाचतोय. मग ती सावकाश वाचू लागली. 'तिसऱ्या गाण्यात,' शास्त्रीबुवांनी लिहिलं होतं, '"ये, दार उघडंच आहे" या ओळीनंतर सगळं थांबतं. ठेका, टाळ्या, आवाज. सात सेकंद नुसती शांतता. त्या सात सेकंदांत ही थोर कलावती आपल्या कानात सांगते, की हा सगळा नाच खोटा आहे. मी त्या शांततेत तिचा हुंदका ऐकला. बाकीचा अल्बम त्या हुंदक्यावर टाकलेली रंगीत चादर आहे.'

थोरली हसायला लागली ती थांबेचना. ओट्याला धरून, तोंडात पदर कोंबून ती हसली.

कारण त्या गाण्यात शांतता नव्हतीच. त्या ओळीनंतर तिथे टाळ्या होत्या, आणि चांगल्या दणकून होत्या. शांतता होती ती फक्त समीक्षकांना आगाऊ पाठवलेल्या प्रतीत. अल्बम बाहेर पडायच्या आधी गाणं कुणाकडून फुटलं ते कळावं, म्हणून रेकॉर्डिस्ट प्रत्येक समीक्षकाच्या प्रतीत वेगळ्या ठिकाणी सात सेकंदांचा तुकडा पुसून टाकत असे. या धंद्यात ही रीतच होती, आणि तशी सूचनाही सोबत लिहिलेली असे. ज्येष्ठ बाईंच्या प्रतीत हा तुकडा आठव्या गाण्यात पुसला होता. त्याबद्दल त्यांनी चकार शब्द लिहिला नव्हता, त्याअर्थी बाई आठव्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या. अश्रूशास्त्री मात्र तिसऱ्यापर्यंत पोचले होते, आणि रेकॉर्डिस्टने पुसलेल्या जागेत बसून त्यांनी हुंदका ऐकला होता.

एरवी थोरलीने हेही डब्यांच्या मागे टाकलं असतं. पण इतकी गंमत एकटीने पचवायची म्हणजे अन्यायच. धाकटी उठून चहाला आली तेव्हा तिने ते सगळं, हातवारे करून, शास्त्रीबुवांच्या घशातल्या आवाजात वाचून दाखवलं.

धाकटी हसली नाही.

"परत वाच," ती म्हणाली.

"कुठलं?"

"ते सात सेकंदांचं."

थोरलीने परत वाचलं, या वेळी साध्या आवाजात. धाकटी खिडकीबाहेर बघत होती. "सगळं थांबतं," ती स्वतःशीच म्हणाली. "बरं वाटेल नाही, तसं असतं तर?" मग तिने चहाचा कप उचलला, फोन उचलला आणि रेकॉर्डिस्टला विचारलं की शनिवारच्या कार्यक्रमात, स्टेजवर, तिसऱ्या गाण्यात खरंच तशी सात सेकंद शांतता घालता येईल का. थोरलीने परीक्षण घाईघाईने डब्यांच्या मागे सारलं.

पाच वर्षांपूर्वी, धाकटीचा सगळ्यात गाजलेला अल्बम बाहेर आला त्याच महिन्यात, ती अंथरुणातून उठेनाशी झाली होती. थोरली आठ दिवसांसाठी म्हणून एक बॅग घेऊन आली आणि तिथलीच झाली. तिने धाकटीचे केस धुतले, तिला भरवलं, गोळ्या स्वतःच्या पिशवीत ठेवल्या, न्हाणीघराच्या दाराबाहेर स्टूल टाकून बसून राहिली. त्याच सुमारास अश्रूशास्त्र्यांनी त्या अल्बमला 'निराशेचा परमोच्च बिंदू' म्हटलं होतं आणि कलावतीने आता याहून खाली येऊ नये अशी इच्छा व्यक्त केली होती. धाकटी हळूहळू बरी झाली. थोरली परत गेली नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला तिचा नवरा होता, तो दर रविवारी तिचे इस्त्रीचे कपडे घेऊन यायचा. पहिलं वर्षभर तो "कधी येतेस?" असं विचारायचा. नंतर त्याने विचारणं सोडून दिलं आणि नुसते कपडे आणू लागला.

या पाच वर्षांत थोरलीने धाकटीला एक गोष्ट शिस्तीत सांगितली होती: छान. चाल छान, आवाज छान, साडी छान, कापलेले केस छान. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला आणि ही परत त्या अंथरुणात गेली तर, या धास्तीने ती जगत होती.

पुढचे दोन दिवस तिने डोळ्यांत तेल घालून पाहिलं, आणि जे दिसलं ते वाईट होतं. धाकटी दुपारची खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. पडदे ओढलेले. दाराशी ठेवलेला चहा तसाच साय धरून गार. थोरलीने दाराला कान लावला तर आतून गाणं नाही, बोलणं नाही, मध्येच श्वास टाकल्यासारखा आवाज. दुसऱ्या दिवशी आत काहीतरी धप्पकन पडलं तेव्हा तिने दार बडवलं. बऱ्याच वेळाने धाकटीने फटीतून तोंड बाहेर काढलं. चेहरा लाल, डोळे ओले, केस कपाळाला चिकटलेले.

"काय पडलं?"

"काही नाही गं. जा तू."

थोरली गेली. नुसती खोलीपासून दूर नव्हे, घराबाहेरच गेली. पायांत चपला सरकवल्या आणि तडक अश्रूशास्त्र्यांच्या घरी पोचली. ज्या माणसाने दुसऱ्याच्या घरात शांतता घुसडली, त्यानेच ती काढून न्यावी, असा तिचा हिशेब होता.

"या, या, ताई," शास्त्रीबुवांनी दार उघडलं. घरातही ते फोटोतल्यासारखेच दिसत होते, फक्त हनुवटीखाली हात नव्हता. भर दुपारी दिवाणखान्यात अंधार होता, आणि जमिनीवरच्या त्या सुप्रसिद्ध चटईला अडखळून थोरली खुर्चीपर्यंत पोचली. तिने प्रस्तावना न करता सगळं सांगितलं: रेकॉर्डिस्ट, पुसलेला तुकडा, सोबतची सूचना.

शास्त्रीबुवा खजील होतील असं तिला वाटलं होतं. ते प्रसन्न हसले.

"पुसलं कुणी, हे गौण आहे, ताई. शांतता तिथे अवतरली, हे महत्त्वाचं."

"ती तुमच्या एकट्याच्या प्रतीत अवतरलीय. लोक जे गाणं ऐकतात त्यात तिथे टाळ्या आहेत."

"म्हणजे ती मला एकट्यालाच ऐकवायची होती," शास्त्रीबुवा म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर दाटून आला.

थोरलीने हात टेकले. तरी तिने विनवून पाहिलं. "दोन ओळी छापा. लिहा की ऐकण्यात चूक झाली. ती तुमचं वाचून घरात पडदे ओढून बसलीय."

"बसलीय?" शास्त्रीबुवा पुढे झुकले. "मला माहीत होतं. ताई, तिचा आवाज मी तिच्यापेक्षा जास्त ओळखतो. ती आनंदी असूच शकत नाही. तो पाच वर्षांपूर्वीचा अल्बम आठवा. तेव्हा ती खरी होती."

आता मात्र थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. "खरी होती?" ती म्हणाली. "तेव्हा ती दात घासत नव्हती. तुम्ही परमोच्च बिंदू लिहिलात ना, त्या आठवड्यात मी तिला उचलून न्हाणीघरात नेत होते. गोळ्यांची बाटली माझ्या पिशवीत घेऊन फिरत होते, कारण घरात ठेवायची सोय नव्हती. आणि तुम्हाला हवं होतं की तिने तिथेच राहावं." ती आणखीही बरंच बोलली. पाच वर्षं कुणालाच न सांगितलेलं, नवऱ्यालाही अर्धंच सांगितलेलं, त्या अंधाऱ्या दिवाणखान्यात सगळं बाहेर पडलं.

शास्त्रीबुवांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ते खोटं नव्हतं, हे थोरलीलाही मान्य करावं लागलं. त्यांनी चष्मा पुसला आणि अगदी हळुवारपणे विचारलं, "हे पुस्तकात घेऊ का, ताई? शेवटच्या प्रकरणाशी घोडं अडलं होतं."

ती उठली. जिना उतरेपर्यंत तिच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. गेली होती शांतता काढून घ्यायला, आणि धाकटीची ती सगळी वर्षं त्या माणसाच्या ओंजळीत टाकून आली होती. आता ती नाचो, हसो, काही करो. लोक तिच्याकडे बघून एकच गोष्ट बघणार. थोरलीला स्वतःची इतकी शरम कधी वाटली नव्हती.

घरी आल्यावर तिने दारावर टकटक केलं नाही. धीर सुटायच्या आत सांगून टाकावं म्हणून तिने धाकटीच्या खोलीचं दार सरळ ढकललं.

आत पडदे ओढलेले होते, दिवा लागलेला होता, आणि धाकटी ढगळ टी-शर्ट घालून, कानांत इअरफोन खुपसून, कपाटाच्या आरशासमोर नाचत होती. खुर्ची आडवी पडली होती. थोरली दिसताच तिने इअरफोन उपटले आणि ती गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकू लागली.

"दार वाजवायची पद्धत आहे, ताई."

"तू... हे काय करतेयस?"

"दिसत नाही? तालीम. शनिवारी गायचंय नि नाचायचंय. एकाच वेळी. या वयात."

"मग पडदे?"

"समोरच्या गॅलरीतले काका बघतात. काल तर त्यांनी टाळ्या वाजवल्या."

थोरली पलंगावर बसली. "आणि ते सात सेकंद?"

"दम लागतो गं," धाकटी म्हणाली. "त्या ओळीनंतर उडी आहे. उडीनंतर मला श्वासच उरत नाही. तुझ्या शास्त्रीबुवांनी इतका मोठा हुंदका ऐकलाय, म्हटलं त्यात मला दोन श्वास घेता येतील. लोकांना वाटू दे हुंदका."

यावर थोरलीने हसायला हवं होतं. तिला रडू फुटलं. आणि रडता रडताच तिने आपण कुठे गेलो होतो आणि काय काय सांगून आलो ते एका दमात सांगितलं.

धाकटीने आडवी खुर्ची उभी केली आणि तिच्यावर बसली.

"ते कुणाला सांगायचं, हे मी ठरवायचं होतं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण ती चिडली होती, आणि चिडल्याचं तिने लपवलं नाही. "पाच वर्षांत मी एकालाही सांगितलं नाही. आणि तू सांगितलंस कुणाला, तर त्यांना."

"चुकलंच माझं."

"चुकलंच." धाकटीने फोन उचलला आणि शास्त्रीबुवांचा नंबर लावला. थोरली ते बघतच राहिली.

"नमस्कार. हो, मीच," धाकटी फोनवर म्हणाली. "ताईने सांगितलं ते खरं आहे. छापायचं की नाही ते नंतर बोलू. पण छापलंत तर एक वाक्य माझंही घाला. त्या आजारात मी एक ओळसुद्धा लिहिलेली नाही. मला पेन उचलवत नव्हतं. त्या अल्बमची सगळी रडकी गाणी मी त्याच्या आदल्या वर्षी लिहिली, चांगली धडधाकट असताना, दुपारी जेवून झाल्यावर. तुम्ही ज्या निराशेवर पुस्तक लिहिताय ना, ती पोटभर जेवणानंतरची आहे." पलीकडून काहीच ऐकू आलं नाही. धाकटीने फोन कानापासून दूर धरून बघितला. ही शांतता अर्थपूर्ण होती की फोनच कटला होता, कोण जाणे.

"मला माहीतच नव्हतं," थोरली म्हणाली. "मला वाटायचं, ती गाणी लिहून लिहूनच तू आजारी पडलीस."

"तू विचारलं नाहीस. तू ऐकलंस." धाकटी तिच्याकडे वळली. "ताई, ते शास्त्रीबुवा उताणे पडून माझ्या गाण्यात हुंदका शोधतात. तू उभी राहून माझ्या दारात शोधतेस. तू कान लावतेस तेव्हा खालच्या फटीतून तुझे पाय दिसतात. मी गुणगुणले की तुला वाटतं उसनं अवसान आहे. गप्प बसले की वाटतं, झालं, पडली परत. मघाशी पाय घसरून पडले तर तू दार तोडायला निघालीस. मी बरी झाले, हे गावात कुणाला सगळ्यात कमी पटलंय, तर तुला."

चौघा समीक्षकांची इतकी टर उडवली, आणि पाचवी आपणच, बिनपगारी, चोवीस तास याच घरात बसून. हे थोरलीला आत कुठेतरी फार लागलं.

"मला भीती वाटते," ती म्हणाली.

"मला पण वाटते. पण मी नाचतेय ना तरी?" धाकटीचा आवाज जरा निवळला. "शनिवारचं झालं की तू घरी जा, ताई. तुझ्या घरी. भावजींनी किती वर्षं इस्त्र्या करायच्या?"

थोरली मान खाली घालून बसली. इतक्या वर्षांत आपली इथे गरज नसेल, याचा तिने कधी विचारच केला नव्हता, आणि आता केला तर तो फारसा आवडलाही नाही. धाकटीने तिच्या हातात फोन दिला, मागे सरून आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तिसरं गाणं लाव. मी करून दाखवते. कसं होतंय सांग."

थोरलीने गाणं लावलं. धाकटी नाचली, गायली, उडी मारली, श्वास घ्यायला थांबली, परत सुरू झाली. शेवटी ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"छान," थोरली म्हणाली.

धाकटी नुसती बघत राहिली.

थोरलीची नजर सवयीने धाकटीच्या चेहऱ्याकडे, डोळ्यांखालच्या काळेपणाकडे चालली होती. ती तिने ओढून खाली, तिच्या पायांकडे आणली.

"डावा पाय उशिरा पडतोय," ती म्हणाली. "आणि दुसऱ्या कडव्यात सूर उतरतो. दोन्ही वेळेला उतरला."

म्हटलं, आणि शब्द परत घ्यावासा वाटला तरी तिने घेतला नाही.

धाकटीने टी-शर्टच्या बाहीने तोंड पुसलं, डाव्या पायाला एक शिवी हासडली आणि परत आरशासमोर जाऊन उभी राहिली.

"पहिल्यापासून लाव," ती म्हणाली.

थोरलीने पहिल्यापासून लावलं.